हात ठेवणारा माणूस

नांदेड
१८ जून २०२३

ती. आत्यास दयानंदाचा सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललो की अख्ख्या गल्लीला आपल्या घरातलं कळतं. तेव्हा तू म्हणतेस तसं पत्रच बरं.

बातमी अशी की दवाखान्यात माझी जागा बदलली. केसपेपरच्या खिडकीवरून उचलून मला पोस्टमार्टेमच्या खोलीत टाकलं. कंत्राटी माणसाला विचारतं कोण? अपघातात गेलेले, विहिरीत सापडलेले, औषध पिऊन गेलेले, सगळे तिथे येतात. मरण कशानं आलं ते डॉक्टर मॅडम बघतात. उचलणं, धुणं, शिवणं आम्हा दोघांकडे. पहिले चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आरती मला मागच्या दारी अंघोळ करायला लावते आणि त्याशिवाय आदर्शला जवळ घेऊ देत नाही. तिचंही बरोबर आहे, पण मन खट्टू होतं.

दुसरा माणूस म्हणजे शेषेराव. वय बावन्न-त्रेपन्न, इस्लापूरकडच्या खेड्यातला, घरची शेती भाऊ बघतो. हा बावीस वर्षं याच खोलीत आहे. गावात मात्र सांगून ठेवलंय की मी औषधांच्या गोदामात असतो. खरं कळलं तर लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसायचं नाही. काम इतकं नेटकं की टाका शिंप्यानं बघत राहावा. पण तोंड! मी रविवारी चर्चला जातो हे कळल्यापासून मला 'पाळक' म्हणतो, जसा काही चर्चमधला उपदेश मीच करतो. काल म्हणाला, "काय पाळक, तुमच्यात म्हणे मेलेले सगळे उठणार हायेत. हाव का?" मी म्हणालो, हो, आम्ही तसं मानतो. "मंग मला आदुगर सांग बाबा. टाके ढिले घालतो. न्हाईतर उठल्या उठल्या मलाच शिव्या देतील." मॅडमसुद्धा हसल्या.

वर म्हणतो, "बावीस वर्षं माणसं उघडून बघून राहिलो. आत्म्याची पुरचुंडी काय मला घावली न्हाई."

तुझ्या हाताखाली वाढलो, संडे स्कूलची सगळी बक्षिसं घेतली, आणि त्या टेबलाशी उभा राहिलो की एक शब्द आठवत नाही. मला त्याचा राग येत नाही, माझीच लाज वाटते. या माणसाला मी काय सांगू?

तुझा
दयानंद


रेणापूर
२ जुलै २०२३

चि. दयानंद,
तुला आणि आरतीला सलाम. आदर्शला मुका.

कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, पत्र तीनदा वाचलं. संडे स्कूलची ती बक्षिसं मीच देत होते, तेव्हा त्यांचा फार तोरा मिरवू नकोस.

शेषेरावाला काय सांगू म्हणतोस? काही सांगू नकोस. मी चाळीस वर्षं पिशवी खांद्याला लावून खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत हिंडले. बायका ऐकून घ्यायच्या, चहा पाजायच्या आणि माझी पाठ वळली की मी बसले होते ती जागा सारवून घ्यायच्या. पण एखादीचं तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसले की तीच आपणहून विचारायची, बाई, तुमचा देव कसा आहे हो? बोलण्यानं जे झालं नाही ते मांडीनं झालं.

तू एक कर. टेबलावर जो येईल त्याच्या कपाळावर हात ठेव. त्याचं नाव घे आणि हळू आवाजात दोनच शब्द बोल, की प्रभू, हा माणूस तुझा आहे, याला नीट घे. जात विचारू नको, धर्म विचारू नको. मग कामाला लाग. शेषेरावाला दाखवायला म्हणून करू नको आणि त्याच्यापासून लपवूही नको. हसला तर हसू दे. तोंडावर हसणारा माणूस पाठीमागे काही करत नाही.

आणि जेवत जा. उपाशी माणसाची प्रार्थना अर्धी डब्याकडेच असते.

आत्या
सत्यशीला


नांदेड
१३ ऑगस्ट २०२३

ती. आत्या, सलाम.

तू म्हणालीस तसं करतो आहे. पहिल्या दिवशी शेषेराव म्हणाला, "ताप बघतो काय रे? उतरलाय त्याचा." दुसऱ्या दिवशी, "खिशे तपासून राहिला का?" मी हसलो आणि हात तसाच ठेवला. आठवडाभरानं तो बोलायचा थांबला. नुसता बघायचा.

गेल्या मंगळवारी एक मुलगी आली, कॉलेजातली, रस्त्यावर गेलेली. मी हात ठेवला, नाव घेतलं. वळून बघतो तर शेषेराव खोलीत नाही. बाहेर पायरीवर बसलेला, विडी पेटवलेली पण ओढत नव्हता. मी शेजारी बसलो. तेव्हा त्यानं मला सांगितलं. त्याची मुलगी होती, पुनम. सोळा वर्षांची. नऊ वर्षांपूर्वी शेततळ्यावर पाय घसरून गेली. हा स्वतः या कामातला, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. हा दाराबाहेर उभा. आत दोन माणसं काम करत होती, आणि मधेच ती मोठ्यानं हसली.

"कशावर हासले कुणाला ठाव," तो म्हणाला. "त्यांचंच कायतरी चाललं असंल. मीबी हासतोच की. पण मला ते हासणं कानातून जाईना गेलंय. धोंडाबाईला म्या अजून सांगितलं न्हाई." धोंडाबाई म्हणजे त्याची बायको. मग मला विचारलं, "तवा आत तुझ्यावानी कुणी असंल का रे?"

आत्या, मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, मला माहीत नाही. तो म्हणाला, "न्हाईच कुणी. असतं तर हासले नसते." आणि उठून कामाला लागला.

पण त्या दिवसापासून एक वेगळंच सुरू झालंय. बॉडी आली की तो आधी पोलिसांचा कागद घेतो आणि मोठ्यानं वाचतो. "नाव लक्ष्मणराव, वय साठ. ठेव हात." मी हात ठेवेपर्यंत कात्रीलाही शिवत नाही. काल एक बेवारस आला. कागदावर नावाची जागा मोकळी. शेषेराव थोडा वेळ कागद उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "नाव न्हाई. तरी ठेव."

मी त्याला देवाबद्दल एक शब्द बोललेलो नाही. तोही विचारत नाही. एवढंच म्हणाला, "तुझा तो हाय का न्हाई मला म्हायीत न्हाई. पण हात ठेवतो ते बरं हाय." मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर आरतीला सगळं सांगितलं.

दयानंद


रेणापूर
२७ ऑगस्ट २०२३

चि. दयानंद,

अरे, तुझं पत्र वाचून मी एकटीच खोलीत मोठ्यानं रडले. शेजारची विठाबाई धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही बाई, एक येतंय.

रविवारी महिला मंडळात तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळ्या बायकांच्या डोळ्यांना पदर. इतकी वर्षं माझ्या विश्वासाच्या साक्षी ऐकून कंटाळलेल्या या बायका, पण हे ऐकून एकीनं जांभई दिली नाही! पाळकीणबाईंनी लगेच फोनवर लिहून प्रार्थनेसाठी सगळीकडे पाठवलं. लातूर, उदगीर, पार बिदरपर्यंत तुझ्या शेषेरावासाठी गुडघे टेकले जातायत. माझं नाव पाळकसाहेबांनी उपासनेत घेतलं. या वयात काय ते कौतुक, पण सुखावले, खोटं कशाला बोलू.

आता लोखंड गरम आहे. त्याला रविवारी बरोबर घेऊन जा. बाप्तिस्म्याचं हळूच काढ. नाताळपर्यंत झालं तर मी स्वतः नांदेडला येईन, गुडघे दुखोत की मोडोत.

आत्या


नांदेड
२९ ऑक्टोबर २०२३

ती. आत्या, सलाम.

उशिरा लिहितोय. काम फार आहे. आदर्शला ताप होता, आता बरा आहे. शेषेराव सध्या इथे नाहीत, त्यांना दुसरीकडे पाठवलंय. थंडी पडायला लागली, तू जप.

मंडळात पत्रं वाचू नकोस.

दयानंद


रेणापूर
१२ नोव्हेंबर २०२३

चि. दयानंद,

हे काय पत्र झालं? चार ओळी, त्यातही ताप आणि थंडी. कालपर्यंत तुझ्या पत्रात शेषेराव 'तो' होता, आज 'त्यांना' झाला. कुठे पाठवलं, का पाठवलं? ते चर्चला आले का? मी इकडे बायकांना काय सांगू, रोज विचारतात.

लहानपणी तू साखरेचा डबा सांडलास की असाच थोडकं बोलायचास. काय सांडलंय ते सांग. दिवाळीचा फराळ विठाबाईनं आणून दिला. तुझं नीट पत्र आल्याशिवाय मी त्याला तोंड लावणार नाही.

आत्या


इस्लापूर
३ डिसेंबर २०२३

सत्यशीलाबाईंना नमस्कार.

मी शेषेराव. दयानंदसंगं खोलीत कामाला होतो तो. तुमची पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर येत व्हती, पाकिटावरून तुमचा पत्ता घेतला. मला लिहायची सवय न्हाई, बोलतो तसं लिहून राहिलो.

ऑक्टोबरात माझ्या पुतण्याच्या फोनवर एक मजकूर आला. नांदेडच्या दवाखान्यात मेलेल्यांमधी काम करणाऱ्या शेषेराव भाऊंनी बंधू दयानंदच्या प्रार्थनेमुळं प्रभूला ओळखलं, प्रार्थना करा. कुठून कुठं फिरत आला कुणाला ठाव. गावानं एका दिवसात दोन गोष्टी वाचल्या. मी मढी शिवतो अन् मी धर्म सोडला. पहिली खरी व्हती, दुसरी न्हाई. भावानं दारात येऊ नको म्हणून सांगितलं. पाण्याच्या टाकीवर धोंडाबाई गेली की बायका सरकून उभ्या राहतात.

ते एक झालं. पण त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्याकडच्या एका म्हाताऱ्याची बॉडी आमच्या खोलीत आलती. त्याच्या पोरांनी तो मजकूर वाचला अन् अर्ज दिला. आमच्या बापावर आत काय केलं, त्याला बाटवलं काय? पोरांचा राग मी धरत न्हाई बाई. ज्याचा बाप आत हाय त्याच्या मनात बंद दाराबद्दल काय बी येतं. मला ठाव हाय.

चौकशी लागली. मोठ्या साहेबानं मला इचारलं, हा दयानंद आत प्रार्थना करतो का? मी म्हणलो हाव. कपाळावर हात ठेवतो, नाव घेतो, नाव मीच वाचतो. त्यात वाईट काय? म्हाताऱ्याच्या पोरांना तिथंच सांगितलं, तुमच्या बापाला माणसावानी हाताळलं, तुम्हाला बरं वाटाय पाहिजे. थोरला लेक रडायला लागला. मला वाटलं, झालं, मिटलं.

मंग साहेबानं दयानंदचा कागद वाचला. तुम्हाला तसाच्या तसा लिहितो. 'मी कामाच्या ठिकाणी कधीही कोणतीही प्रार्थना केलेली नाही. मयताच्या अंगावरची ओळखीची चिठ्ठी तपासताना हात लागला असेल. श्री. शेषेराव यांचा गैरसमज झाला आहे.' खाली सही. तो तिथंच खुर्चीवर बसला व्हता. माझ्याकडं बघितलं न्हाई.

थोरला लेक डोळे पुसून मला म्हणला, मंग तुम्ही कामून खोटं बोलले?

मला इकडं आतल्या एका आरोग्य केंद्रावर टाकलं. बदलीचं मला काय न्हाई. उलट घर जवळ झालं.

तुम्हाला एकच इचारायचं हाय. देव असंल नसंल, ते तुमचं तुम्ही बघा. मी त्या पोराच्या हाताकडं बघत व्हतो, दोन-तीन महिने. मला वाटायला लागलं व्हतं की असे हात असतात, दाराच्या आत, कुणी बघत नसलं तरी. आज हायेत तर माझ्या पुनमच्या येळीबी असतील. आता तो म्हणतो हात नुसता लागला. मंग मी काय खरं धरू? तुम्ही त्याला शिकवलं. तुम्हाला म्हायीत असंल.

शेषेराव


रेणापूर
१० डिसेंबर २०२३

दयानंद,

शेषेरावांचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच. एकटा बसून वाच.

रागवायला बसले होते, पण लेखणी उचलली आणि आधी माझंच पाप दिसलं. तू मला एका माणसाचं दुःख विश्वासानं लिहिलंस. मी ते मंडळात वाचून टाळ्या घेतल्या. त्याचं नाव फोनवर गेलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, मला अभिमान वाटला. त्या माणसानं एवढंच म्हटलं होतं की हात ठेवतो ते बरं आहे, आणि मी त्याचा बाप्तिस्मा ठरवून मोकळी झाले. काल मंडळात उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. पाळकीणबाई माझ्यावर नाराज आहेत. असोत.

आता तुझं. तू भ्यायलास. कंत्राट, आरती, आदर्श, सगळं डोळ्यांपुढे आलं असेल. बाबूनं कागद तयार ठेवला असेल आणि सही करा, मिटून जाईल म्हणाला असेल. मला ते दिसतं. मी त्या खुर्चीवर असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण तू नुसतं आपल्याला वाचवलं नाहीस. जो माणूस विश्वास ठेवत नाही तो तुझ्यासाठी खरं बोलला, आणि त्याला तू सगळ्यांसमोर खोटं पाडलंस.

मी त्यांना उत्तर लिहिलं. त्यात एवढंच की हात ठेवलेला होता, लागलेला नव्हता. पण हे मी सांगून काय उपयोग? माझी सही त्या कागदावर नाही.

तू साहेबाकडे जाऊन खरं सांग असं मी म्हणत नाही, नोकरी तुझी आहे, लेकरू तुझं आहे. सांगू नको असंही माझ्यानं म्हणवत नाही. मी तुझ्यासाठी प्रार्थना करते आणि माझे शब्द अर्ध्यावर अडतात.

आत्या


नांदेड
२१ जानेवारी २०२४

ती. आत्या,

तुझं आणि त्यांचं, दोन्ही पत्रं वाचली. दोन आठवडे खिशात घेऊन हिंडलो. बॉडी आली की हात पुढे जाईना. नवा आलेला नरसिंग विचारायचा, "काय झालं भाऊ, काम सुरू करू का?" मी म्हणायचो, कर.

तू लिहिलंस तसंच झालं होतं. बाबू म्हणाला, एक ओळ द्या, प्रकरण मिटेल, शेषेराव परमनंट आहेत, त्यांना काय होतंय. मी स्वतःला तेच सांगितलं. चिठ्ठी तपासताना हात लागला, हे वाक्य मात्र बाबूचं नाही. ते माझंच.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी इस्लापूरच्या एसटीत बसलो. कागद लिहून नेला होता, की माझा आधीचा जबाब खोटा आहे, मी प्रार्थना करत होतो, शेषेराव खरं बोलले. ते ओट्यावर बसले होते. धोंडाबाईंनी पाणी दिलं. शेषेरावांनी कागद वाचला, उलटा करून पाठची बाजू बघितली.

"आवकचा शिक्का कुठाय?"

मी म्हणालो, अजून दिला नाही, आधी तुम्हाला दाखवायला आणला.

"मला कामून दाखवतो? मी तिथंच व्हतो की. हात ठेवला का लागला, मला ठाव न्हाई व्हय? इथं माझ्या ओट्यावर कुणीबी खरं बोलंल." कागद माझ्या हातात दिला. "बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली म्या. शिक्का न्हाई तर कागद न्हाई. पाणी पी अन् जाय."

बाबूनं दोनदा कागद परत केला. मिटलेलं कशाला उकरता, साहेब भडकतील. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून हललो नाही. मागे रांग वाढली, लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यानं चिडून शिक्का आपटला आणि आवक क्रमांक घातला. तो कागद घेऊन मी त्या म्हाताऱ्याच्या मुलांकडेही गेलो. धाकट्यानं हाकलून दिलं. थोरला गल्लीच्या टोकापर्यंत मागे आला. म्हणाला, "त्या टायमाला का नाही बोललात? मी त्याच दिवशी अर्ज मागं घेणार होतो."

कंत्राट पुढे वाढवलं नाही. पंधरा तारखेपासून अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला जातो. आरतीनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "पहिल्यांदाच खरं लिहिलं असतंत तर तुमची नोकरी राहिली असती का?" थोरला लेक रडला होता, अर्ज मागे घेणार होता. मी म्हणालो, राहिली असती बहुतेक. शेषेरावांची बदलीही टळली असती. तेव्हापासून मला झोप नाही, आत्या. भिऊन खोटं बोललो, आणि भ्यायचं कारणही नव्हतं.

शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स शेषेरावांना पोस्टानं पाठवली. उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं म्हणणार होतो, पण तेही खोटंच होईल.

दयानंद


इस्लापूर
१८ फेब्रुवारी २०२४

सत्यशीलाबाईंना नमस्कार.

झेरॉक्स मिळाली. शिक्का बघितला, तारीख बघितली. दयानंदला मी अजून लिहिलं न्हाई. राग हाय. त्याला सांगा, कागद मिळाला. बाकीचं मी माझ्या टायमानं लिहीन. अन् मी धर्म सोडला न्हाई, तुमच्या देवाला धरलंबी न्हाई. हे तुमच्या बायकांना आदुगरच सांगून ठेवा, न्हाईतर परत मजकूर सुटंल.

तुम्हाला लिहायचं कारण येगळं हाय. धोंडाबाईला वाचता येत न्हाई. तिनं इचारलं, कशाचा कागद? मी वाचून दाखवला. ती म्हणली, हात ठेवला म्हंजे काय? कामून ठेवायचा? मंग मला पार मागून सांगावं लागलं. मी दयानंदला काय इचारलं ते. मंग ते कामून इचारलं ते. पुनमचा तो दिवस, बंद दार, आतलं हासणं. नऊ वर्षं तिच्यापासून ठेवलं व्हतं. मला वाटलं आता ही ऊर बडवंल.

ती हरभरा निवडत व्हती. निवडत राहिली. मंग म्हणली, "हासले असतील. पण तिची येणी कुणी घातली?"

मी म्हणलो, कसली येणी?

"घरी आणली तवा केसं कोरडी व्हती. विंचरल्याली. येणी घातल्याली, खाली गाठ मारल्याली. तळ्यातून काढली तवा सगळं मोकळं व्हतं, चिखलानं भरल्यालं. मला वाटलं तुम्हीच घातली."

मी त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई, बाई. चादर वर घेतलीच न्हाई.

डोकं बघायचं म्हणलं की केसं सारावीच लागतात. काम झालं की आम्ही पाणी मारतो, शिवतो, गुंडाळतो. बावीस वर्षांत किती पोरी माझ्या हाताखालून गेल्या. मी एकीचीबी येणी घातली न्हाई. कुणी सांगत न्हाई, कुठं लिहिलेलं न्हाई, कुणी बघणार नसतं. ते आमच्या कामात येतच न्हाई.

माझ्या पोरीची कुणीतरी घातली.

शेषेराव